‘लोकांच्या रानातनं कशाला जायचं?’

पत्र थोडक्यात असं:

‘मी इंग्लंडातल्या क्रॉलीला राहतो. वाळवा तालुक्यातून आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली आहे. वय ६४. आयुष्यभर शेतात राबली, दोनदा आळंदीहून पंढरपूरला पायी गेली. इथे मात्र दिवसभर खिडकीपाशी बसून असते. साउथ डाउन्स वे या लांब पल्ल्याच्या वाटेवर तिला एक दिवस चालायला न्यावं असं फार मनात आहे. मी विषय काढला की ती म्हणते, “लोकांच्या रानातनं कशाला जायचं? कुणी हटकलं तर?” बायको म्हणते, त्यांचे गुडघे दुखतात, परक्या देशात पडल्याबिडल्या तर निस्तरणार कोण? आईला कसं पटवू? किती किलोमीटर झेपतील, कुठला टप्पा घ्यावा, कपडे-बूट कुठले, तेही सांगा.’
– क्रॉलीहून एक मुलगा

आईला पटवायला निघण्याआधी ती काय विचारते आहे ते ऐका. आळंदी ते पंढरपूर हे अडीचशे किलोमीटर दोनदा चाललेल्या बाईला चालण्याचं वावडं असणार नाही. काम नसताना माणूस का चालतो, हेही तुम्ही तिला समजवायला नको. तिची अडचण वेगळी आहे. उभ्या उसातून परका माणूस चालत गेला की काय होतं, हे तिने जन्मभर पाहिलंय. बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेली भांडणं, एका सरीवरून तुटलेली भावकी, वाट अडवली म्हणून तहसीलदार कचेरीत घातलेले हेलपाटे. दुसऱ्याच्या पिकात पाय घालायचा नाही ही तिची शिस्त आहे. त्यात हा परमुलूख. आपल्यामुळे पोराला कुणी चार शब्द सुनवावेत, हे तिला नकोय. तिचा प्रश्न खरा आहे आणि त्याला खरं उत्तर आहे. ‘काही होत नाही गं, चल’ एवढ्यावर तिची बोळवण करू नका.

वहिवाटीपासून सुरुवात करा, ती तिला ठाऊक आहे. दुसऱ्याच्या शेतातली वाट वीस वर्षं उघडपणे, हक्काने, अडवणूक न होता वापरात असेल, तर आपल्याकडे तिच्यावर हक्क सांगता येतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात ही वीस वर्षं लिहिलेली आहेत. इंग्लंडातही हिशेब वीस वर्षांचाच आहे. लोकांनी एखादी वाट वीस वर्षं अशी वापरली आणि मालकाने त्या काळात आपला नकार स्पष्ट दाखवला नाही, तर त्याने ती सार्वजनिक केली असं कायदा धरून चालतो. फरक इतकाच, की आपल्याकडे तो हक्क बहुतेक वेळा शेजारच्या शेतकऱ्याचा असतो, त्याच्या बैलगाडीचा, त्याच्या उसाच्या ट्रॉलीचा. इथे तो येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाचाही असतो. तुमच्या आईचाही. पासपोर्ट कुठला, व्हिसा किती दिवसांचा, याचा त्याच्याशी संबंध नाही.

मग तिला नकाशा दाखवा. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी संस्थेच्या एक्सप्लोरर मालिकेतला ओएल ११ हा नकाशा आणा. मोबाइलवरचा नको, कागदाचा. जेवणाच्या टेबलावर तो पूर्ण उघडा. त्यावर शेतांचे बांधसुद्धा काढलेले असतात, आणि त्या बांधांना न जुमानता आरपार गेलेल्या हिरव्या तुटक रेघा दिसतात. आखूड तुकड्यांची रेघ म्हणजे फक्त पायी जायची वाट. लांब तुकड्यांची रेघ म्हणजे ब्रिडलवे, तिथे घोडा आणि सायकलही चालते. गटनकाशा हाताळलेल्या, मोजणीच्या वेळी खुणेचा दगड कुठे पडतो ते रानात उभं राहून पाहिलेल्या बाईला हा नकाशा तुमच्यापेक्षा लवकर कळेल. एका रेघेवर बोट ठेवा आणि सांगा: हे रान कुणाचं तरी आहे, तो पेरतो, तो कापतो, पण ही रेघ बंद करायचा अधिकार त्याला नाही. १९४९ च्या कायद्याने स्थानिक प्रशासनांना आपापल्या हद्दीतल्या अशा वाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले. इंग्लंड आणि वेल्स मिळून या वाटा सव्वा दोन लाख किलोमीटरच्या आसपास भरतात.

ती पुढचा प्रश्न विचारेल, आणि तो तुम्हाला सुचला नसता: नांगरट झाल्यावर वाट राहते कुठे? त्याचाही नियम आहे. रानाच्या मधून जाणारी पायवाट नांगरली, तर चौदा दिवसांच्या आत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते, निदान एक मीटर रुंद. ब्रिडलवे असेल तर दोन मीटर. बांधाच्या कडेने जाणारी वाट तर नांगरायचीच नाही. पीक उभं राहिलं तरी तेवढी पट्टी मोकळी ठेवायची जबाबदारी शेतकऱ्याची. ‘म्हणजे तेवढं पीक गेलंच की त्याचं,’ असं ती म्हणेल. तिला तसं म्हणू द्या, वाद घालू नका. तिचं बरोबर आहे, आणि असं वाटणारी माणसंच वाट सोडून एक पाऊल बाजूला टाकत नाहीत. बंद असलेलं गेट बंद ठेवायचं, उघडं असेल तर उघडं, जनावराला डिवचायचं नाही, मागे काही टाकायचं नाही: इथल्या कंट्रीसाइड कोडमधल्या, म्हणजे रानात फिरण्याच्या नियमावलीतल्या, या गोष्टी तिला वाचून दाखवायला लागणार नाहीत.

हे हक्क भांडून वाढवलेले आहेत, तेही सांगा. २४ एप्रिल १९३२ रोजी इंग्लंडातल्याच पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातल्या किंडर स्काउटच्या पठारावर काही शे माणसं ठरवून चढली. त्यांत मँचेस्टरकडचे तरुण कामगार पुष्कळ होते. ते माळरान मालकांनी शिकारीसाठी राखलेलं होतं. रखवालदारांशी झटापट झाली आणि पाच जण तुरुंगात गेले. पुढे १९४९ चा कायदा आला, १९६५ मध्ये पेनाइन वे ही पहिली राष्ट्रीय पायवाट खुली झाली आणि १९७२ मध्ये साउथ डाउन्स वे.

आता टप्पा. साउथ डाउन्स वे विंचेस्टरपासून ईस्टबोर्नपर्यंत १६० किलोमीटर जाते. एक दिवस म्हटल्यावर सगळे तुम्हाला सेव्हन सिस्टर्सचे पांढरे कडे सुचवतील, कारण फोटो तिथले निघतात. आईला तिथे नेऊ नका. एकामागून एक तीव्र चढ-उतार आहेत आणि दुखऱ्या गुडघ्याला त्यातला प्रत्येक उतार जाणवेल. कड्याची कडाही ठिसूळ आहे, तिचे तुकडे न सांगता समुद्रात कोसळतात. तुम्ही दिवसभर ‘आई, इकडे ये’ असं ओरडत राहाल आणि ते तिला आवडणार नाही.

मी लुइस ते क्लेटनच्या पवनचक्क्या हा टप्पा सुचवते. लुइस स्टेशनपासून मोजलं तर बारा-तेरा किलोमीटर. गाव ओलांडलं की जुन्या रेसकोर्सच्या बाजूने वाट हळूहळू चढत ब्लॅककॅप या टेकडीवर जाते. याच उतारांवर १२६४ मध्ये राजा तिसरा हेन्री आणि त्याचे सरदार यांची लढाई झाली होती. एवढा भाग साउथ डाउन्स वेचा नाही. ब्लॅककॅप ओलांडल्यावर आपण त्या मुख्य वाटेला मिळतो. तिथून पुढे डोंगराचा माथा धरून चालायचं. उजव्या हाताला खाली झाडी, शेतं, गावं. डावीकडे उतार उतरत समुद्राकडे गेलेले. वाटेतल्या खांबांवर ओकच्या फळाचं चिन्ह दिसेल, ती राष्ट्रीय पायवाटेची खूण. डिचलिंग बीकन हा २४८ मीटरचा माथा ओलांडून पुढे दोन-तीन किलोमीटरवर पवनचक्क्या आहेत. वाट ब्रिडलवे असल्यामुळे माथ्यावर कुंपणाच्या फळ्यांवर चढून पलीकडे उडी मारायची वेळ येत नाही. सगळीकडे गेट आहेत, आणि बऱ्याच गेटांच्या कडीला उंच दांडा असतो, घोड्यावर बसल्या बसल्या उघडता यावी म्हणून. सायकलवाले मागून येतील. नियमाने त्यांनीच थांबून पायी माणसाला वाट द्यायची असते, तरी आईला तेवढं आधी सांगून ठेवा, दचकायला नको.

बहुतेक लोक हा टप्पा उलट चालतात, पश्चिमेकडून पूर्वेकडे, कारण इथला वारा जास्त करून नैर्ऋत्येचा आणि तो पाठीवर घेता येतो. तुम्ही तो तोंडावर घ्या. लुइसकडून चढ सावकाश आहे, आणि शेवटी पवनचक्क्यांपाशी गाडी लावायची सोय असल्यामुळे क्लेटनचा उतार आईला पायी उतरायला लागत नाही. दुखऱ्या गुडघ्यांना बहुधा चढापेक्षा उतार जास्त त्रास देतो. खडूचे डोंगर आहेत हे. ओला झालेला खडू शेवाळलेल्या घाटाच्या पायरीसारखा सरकतो. आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला असेल तर बेत पुढच्या रविवारवर ढकला. विजांचा अंदाज असेल तर त्या माथ्यावर जायचंच नाही, आडोशाला काही नाही.

आता तुमच्या पत्नीचं म्हणणं. त्या अडथळा आणताहेत असा तुमच्या पत्रात सूर आहे. मला तसं वाटत नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात हे त्यांनी पाहिलंय, तुम्ही ते ओझरतं लिहिलंय. त्यांना या दिवसात सामील करून घ्या. सकाळी तुम्ही आणि आई रेल्वेने लुइसला जा. नऊच्या सुमाराला चालायला लागा. दुपारी एकला पत्नीने गाडी घेऊन डिचलिंग बीकनच्या गाडीतळावर यायचं (तिथे पैसे पडतात). जेवण तिघांनी तिथे करायचं. जेवण झाल्यावर आईला एकदाच, साधेपणाने विचारायचं: पुढे चालायचं की गाडीत बसायचं? ती म्हणेल ते. ‘एवढं आलीस तर अजून थोडंच राहिलंय’ असं म्हणायचं नाही, आणि ‘दमली असशील, बस आता’ असंही नाही. बीकनपर्यंत दहा किलोमीटर झालेले असतात, तिथे थांबली तरी दिवस पुरा झालेला असतो. पुढे चालली तर पत्नीने गाडी पवनचक्क्यांपाशी आणून ठेवायची. लुइस ते बीकन यामध्ये मात्र सोडून द्यायची सोपी जागा नाही. ब्लॅककॅपला पोचेपर्यंत गुडघा कुरकुरला, तर आल्या वाटेने लुइसला परत फिरा आणि तिथे चहा प्या.

गुडघ्यावर सूज असेल, तो अडकत असेल किंवा रात्री ठणकत असेल, तर आधी डॉक्टर. तीन महिन्यांसाठी आलेल्या पाहुण्यांनाही जीपीकडे, म्हणजे इथल्या भागातल्या डॉक्टरकडे, तात्पुरती नोंदणी करता येते. अपघात विभागातले उपचार मोफत मिळतात. पण रुग्णालयात दाखल व्हायची वेळ आली, तर बाहेरून आलेल्या माणसाला बिल येतं आणि ते जबर असतं. प्रवास विम्याचे कागद काढून त्यात किती रकमेपर्यंत संरक्षण आहे आणि गुडघ्याचं जुनं दुखणं वगळलंय का, ते आजच बघा. पत्नीची निम्मी काळजी तिथेच मिटेल.

सराव करा, पण वीकेंडला एकदम नको. दोन-तीन आठवडे रोज संध्याकाळी क्रॉलीतल्याच एखाद्या उद्यानात तासभर, आणि एकदा आठ किलोमीटर. शेतात दिवसभर राबलेली माणसंही सहा आठवडे खिडकीपाशी बसली की पिंढऱ्या विसरतात. तुमच्या हातातलं पावलं मोजायचं घड्याळ त्या दिवशी घरी ठेवा. आईला पुढे चालू द्या, तुम्ही मागे. तिचा वेग तो दोघांचा वेग. तासाला तीन किलोमीटर धरले आणि मधले थांबे धरले, तरी एक वाजता बीकन गाठता येतं. जुलैत रात्री नऊपर्यंत उजेड असतो, घाई कशाचीच नाही.

कपड्यांवरून घरात वाद होऊ देऊ नका. ती नऊवारी काष्टा घालून आयुष्यभर चालली असेल तर इथेही चालू दे. काष्ट्यात पाऊल मोकळं पडतं. गोल साडी मात्र गेटमधून आणि गवतातून अडकते, त्यापेक्षा सलवार बरी. पँट घाल म्हणून तिच्या मागे लागू नका. वर वारा अडवणारं जॅकेट आणि कानाला रुमाल हवाच, कारण खाली क्रॉलीत घाम येत असला तरी माथ्यावर वारा झोंबतो. त्याच वाऱ्यामुळे ऊन लागतंय हे कळत नाही आणि संध्याकाळी चेहरा भाजलेला असतो. माथ्यावर सावली जवळजवळ नाही. बूट महाग घेण्यापेक्षा आधी रुळलेले घ्या. रबरी जाड तळाचे, घोट्याला धरणारे, पंजा पसरायला जागा असलेले. अनवाणी आणि चपलेत वावरलेला पाय रुंद असतो, म्हणून आईला दुकानात बरोबर न्या, मापाचा आकडा लिहून नेऊ नका. आणून पंधरा दिवस घरात आणि सरावात वापरू द्या. जाड मोजे. एक काठी. ती नको म्हणेल. ‘उतारापुरती’ म्हणून तुम्ही हातात ठेवा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत आणि आई कधी बोलणार नाही. माथ्यावर बाईमाणसाला जायला सोय नाही. लुइसला स्टेशनवर आहे, त्यानंतर भरवशाचं काही नाही. अशा वेळी आपल्या बायका एकच करतात: सकाळपासून पाणी पीत नाहीत. मग उन्हात चक्कर येते आणि सगळे म्हणतात, वय झालं. हे पत्नीने आईशी आदल्या दिवशी स्पष्ट बोलावं. वाटेपासून दूर, झुडपाच्या आडोशाला जाणं इथे सगळे चालणारे करतात, त्यात लाज नाही. कागद मात्र पिशवीत बांधून परत आणायचा. गाडीने बीकनवर भेटल्यावर हवं तर खाली डिचलिंग गावात जाऊन येता येईल. पण पाणी प्यायचं. माणशी दोन लिटर बरोबर घ्या, कारण खडूच्या डोंगरावर पाणी थांबत नाही, सगळं मुरतं. रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे वारंवार जावं लागत असेल तर त्या दिवसाची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा, स्वतःच्या मनाने बदलू नका.

याच मुरणाऱ्या पाण्यामुळे बीकनच्या पुढे तिला एक ओळखीची गोष्ट दिसेल. वाटेजवळ गोल, उथळ तळी आहेत, त्यांना इथे ड्यू पाँड म्हणतात. मेंढरांना पाणी मिळावं म्हणून खड्डा करून, तळाला चिकणमाती तुडवून बसवून त्यात पावसाचं पाणी धरायचं. शेततळ्यात आपण प्लास्टिकचा कागद अंथरतो, इथे मातीचा थर. आणि मेंढरं पाहिली की तिला हे नक्की सांगा: पूर्वी या डोंगरांवर दिवसा मेंढ्या चारायच्या आणि रात्री खालच्या शेतात आणून कोंडायच्या, जमिनीला खत मिळावं म्हणून. धनगर वाड्यावर आले की तुमच्या रानात मेंढरं बसवतात ना, तेच. शेकडो वर्षं इथली गव्हा-जवाची शेती त्या लेंड्यांवर पिकली. लुइसजवळच्या ग्लाइंड गावच्या जॉन एलमन या शेतकऱ्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस साउथडाउन जातीची मेंढी सुधारली, ती पुढे जगभर गेली. डोंगरावरचं बुटकं, दाट गवत मेंढरांनी खाल्लं म्हणूनच तसं राहिलंय. चरणं थांबलं की काटेरी झुडपं माजतात, हे तिला सांगायला नको. त्या गवतात थाइम नावाची रानटी सुवासिक वनस्पती, ऑर्किडची फुलं आणि निळी फुलपाखरं असतात, आणि वर चंडोल. तो दिसत नाही, नुसता ऐकू येतो.

गाई आणि वासरं वाटेत आली तर लांबून वळसा घाला, गाय आणि वासरू यांच्या मधून जाऊ नका. इथे या प्रकारात माणसं खरोखर जखमी होतात. तुम्ही शहरात वाढला असाल तर त्या क्षणी आई सांगेल तसं करा. मेंढरांच्या गवतात गोचिडी असतात, आणि त्यातल्या काहींमुळे लाइम नावाचा आजार होतो. घरी पोचल्यावर घोटे, गुडघ्याच्या मागची बाजू, कंबर बघा. गोचीड चिकटली असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, चिरडू नका, तेल-तूप लावत बसू नका. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी लाल चकती पसरत गेली किंवा ताप आला तर डॉक्टरकडे.

खायला दशम्या करायला सांगा. दुधात भिजवलेल्या, गूळ घातलेल्या किंवा साध्या. शेंगदाण्याची चटणी, थोडं लोणचं, थर्मासमध्ये चहा. हे काम तिला द्या. तुम्ही दुकानातून सँडविच आणलीत, तर ती या दिवसाची पाहुणी होऊन बसेल. केळ्याची सालसुद्धा परत आणायची, एवढं मात्र आधी बोलून घ्या. आपल्याकडे बांधावर साल टाकली तर शेळी खाते, इथे ती कुणी खात नाही, महिनोन्‌महिने पडून राहते.

वाटेत भेटणारे लोक ‘मॉर्निंग’ म्हणतील. आईने नमस्कार केला तरी चालतो, हसली तरी चालतं. ‘हटकलं तर’ याचं शेवटचं उत्तरही तिला देऊन ठेवा. या वाटेवर चालण्यासाठी तुम्हाला कुणी हटकू शकत नाही. कुणी काही बोललंच, तर बोलायचं काम तुमचं, आणि तुमच्याजवळ नकाशा असेल.

रविवारच धरा, त्याला कारण आहे. क्लेटनला दोन पवनचक्क्या आहेत, जॅक आणि जिल. जिल ही पांढरी, लाकडी. १८२१ मध्ये ती ब्राइटनला उभी राहिली आणि १८५२ च्या सुमारास बैलांच्या जोड्या लावून ओढत इथे डोंगरावर आणली. उन्हाळ्यात रविवारी दुपारी ती बहुधा उघडी असते, निघण्यापूर्वी वेळ बघून घ्या. सबंध लाकडी खोली एका जाड खांबावर वाऱ्याच्या दिशेला फिरते. आत खालचा दगड स्थिर आणि वरचा फिरता, आणि जात्याला टाकी लावावी लागते तशी यांनाही लावावी लागते. चक्की ज्या दिवशी चालू असते, त्या दिवशी खालच्या मजल्यावर पीठ कोमट पडताना हाताला लागतं. आई ते चिमटीत घेऊन बारीक आहे की जाडसर ते बघेल, तिला तिथे जितका वेळ हवा तितका द्या. गव्हाचं पीठ विकायला असतं, एक पिशवी घ्या. रविवारी रेल्वेच्या रुळांची कामं निघतात आणि गाड्यांऐवजी बस सोडतात, म्हणून शनिवारी रात्री क्रॉलीतल्या थ्री ब्रिजेस स्टेशनहून लुइसकडचं वेळापत्रक तपासा.

एवढं करूनही ती नको म्हणाली, तर मागे लागू नका. गाडीने तिला बीकनवर न्या, अर्धा तास मेंढरं बघा आणि परत या. चालायचं नाव काढू नका. तिला नुसतं खिडकीपाशी बसणं जड जात असेल, तर क्रॉलीतल्या अलॉटमेंट शोधा. नगरपालिकेने भाड्याने दिलेले भाजीचे छोटे तुकडे असतात ते. जुलैत तिथे वाल, वाटाणे, बटाटे उभे असतात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाणाऱ्यांना पाणी घालायला माणूस हवा असतो. फाटकापाशी उभं राहून विचारा. तिथे तिला रोज जाता येईल.